माझं रेडिओवरचं भाषण आणि न आलेला टँकर

माझं रेडिओवरचं भाषण आजवर कुणीही ऐकलेलं नाही. मीसुद्धा नाही. (रेकॉर्डिंग करणाऱ्या गृहस्थांनी तरी ऐकलं असेल, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती. पण काचेपलीकडे ते त्या वेळी डब्यातल्या भाजीतून मिरच्या निवडून बाजूला काढत होते, हे मला हल्ली स्पष्ट आठवतं.)

गोष्ट नव्वदच्या दशकातली. रेडिओवर तेव्हा एक सांस्कृतिक संध्याकाळ असायची. आधी शास्त्रीय गायन, मग एखाद्या विद्वानाचं भाषण आणि शेवटी पाश्चात्त्य संगीत, म्हणजे ऑपेरा वगैरे. विद्वान संपत आले असावेत, कारण 'शास्त्रीय संगीत आणि सामान्य श्रोता' या विषयावर बोलायला त्यांना एक खराखुरा सामान्य श्रोता हवा होता. गाण्यातलं काहीही न कळणारा, पण बोलताना फारसा न अडखळणारा. आमच्या ऑफिसातल्या एकाचा मेव्हणा तिथे कामाला होता. त्याने ऑफिसात विचारलं आणि माझं नाव एकमताने पुढे आलं. एरवी आमच्याकडे चहा कुठल्या टपरीवरून मागवायचा यावरसुद्धा एकमत होत नसे!

दुसरा कुणी असता तर त्याला राग आला असता. मला मात्र आकाश ठेंगणं झालं. त्याला कारण माझे सासरे, अण्णा.

अण्णा म्हणजे गाण्यातले दर्दी. दादरच्या त्यांच्या दोन खोल्यांपैकी दीड खोली कॅसेटींची होती आणि उरलेल्या अर्ध्या खोलीत माणसं राहत. गाणं आवडलं की अण्णा 'हं' म्हणत. फारच आवडलं तर तोच 'हं' थोडा लांबवत. त्यांच्या तोंडून 'वा' ऐकलेला माणूस आमच्या नात्यात कुणीही नव्हता. लग्न ठरल्यावर त्यांनी मोठ्या हौसेने मला एका मैफलीला नेलं. तिकडे गवई विलंबितात शिरले आणि इकडे मी झोपेत शिरलो. परतताना अण्णा शांतपणे म्हणाले, "घोरलात त्याचं काही नाही, जावईबापू. पण दर वेळी सम चुकवलीत!"

त्यानंतर ते माझ्याशी फक्त भाजीचे भाव आणि हवापाणी या दोन विषयांवर बोलत. माझी बायको वृंदा म्हणायची, "अहो, त्यांचा स्वभावच तसा आहे." पण मला ते लागलं होतं. फार लागलं होतं. या माणसाने एकदा तरी माझ्याकडे बघून 'हं' म्हणावं, एवढीच माझी इच्छा होती. आखूड का होईना, पण 'हं'!

म्हणून मग आपल्याला सामान्य श्रोता म्हणून बोलावलंय, हे मी सोयीस्करपणे विसरलो. लायब्ररीतून जाडजूड ग्रंथ आणले आणि इकडचं एक वाक्य, तिकडचं एक वाक्य असं करत एक जबरदस्त भाषण उतरवून काढलं. त्यातलं माझं आवडतं वाक्य होतं, 'स्वरांच्या अवकाशात श्रोत्याच्या अहंचे विसर्जन होते.'

"विसर्जन? गणपतीवर बोलायचंय का?" वृंदाने विचारलं.

"तुला नाही कळायचं. अण्णांना कळेल."

"म्हणजे तुम्हाला कळलंय?"

असल्या प्रश्नांना मी उत्तर देत नाही.

घरात भावाने मस्कतहून आणलेला टू-इन-वन होता. रेडिओ आणि टेपरेकॉर्डर एकाच डब्यात. त्यात कोरी कॅसेट घालून मी घरच्या घरी भाषणाची तालीम केली. ती तालीम इतकी छान वठली (निदान सुरुवातीची दोनेक मिनिटं, पुढचं मी ऐकलंच नव्हतं) की ती कॅसेट जपून ठेवायचं ठरवलं. आता, ज्यांनी कॅसेटी वापरल्यात त्यांना आठवत असेल, कॅसेटच्या पाठीला दोन चिमुकल्या खुंट्या असायच्या. त्या मोडून टाकल्या की टेपरेकॉर्डरचं लाल बटण दाबलंच जात नसे, म्हणजे त्या कॅसेटवर दुसरं काही टेप होण्याची भीती नाही. मी सुरीच्या टोकाने दोन्ही खुंट्या मोडल्या आणि कॅसेटवर झोकदार अक्षरात लिहिलं, 'भाषण'. मग प्रत्यक्ष रेडिओवरचं भाषण टेप करायला दुसरी कोरी कॅसेट आणली आणि तिच्यावरही आधीच लिहून ठेवलं, 'भाषण'. मी व्यवस्थित माणूस आहे.

मग स्टुडिओत जाऊन रेकॉर्डिंग करून आलो. ते भाषण लागायच्या दिवशी अण्णा दादरहून आमच्याकडे वसईजवळ उमेळ्याला आले. आमच्या घरी गाणं ऐकायला येण्याची त्यांची ही पहिलीच वेळ. त्यांना मधली खुर्ची दिली. मी बिल्डिंगभर आमंत्रणं केली होती, त्यामुळे हॉलमध्ये दहा-बारा माणसं दाटीवाटीने बसली होती. समोरच्या दळवीवहिनी पहिल्या रांगेत होत्या, आणि दाराशी होते शेजारच्या वाडीचे मालक इनासकाका. आमची बिल्डिंग त्यांच्याच केळीच्या जागेवर उभी होती. ते चर्चच्या क्वायरमध्ये गात, आणि आपण माझ्या भाषणाला आलेलो नाही हे त्यांनी चपला काढता काढताच स्पष्ट केलं.

"मी त्या ऑपेऱ्यासाठी आलोय हां. घरी पोरं क्रिकेट लावून बसल्यात. तुमचं भाषन हाय तवर बसतो गप."

गायन सुरू झालं. अण्णांनी डोळे मिटले, मान हलू लागली. त्यांच्याकडे बघून दळवीवहिनींनीही डोळे मिटले, आणि त्यांच्याकडे बघून बाकीच्यांनी. एकटा मी डोळे उघडे ठेवून घामाने भिजत होतो. एकदाचं गाणं संपलं. निवेदिका म्हणाली, "आता ऐकू या भाषण..." आणि माझं नाव! रेडिओवर! हॉलमध्ये टाळ्या पडल्या. मी कॅसेट घालून एक बोट लाल बटणावर आणि दुसरं शेजारच्या, टेप वाजवायच्या बटणावर ठेवलं आणि दोन्ही एकदम दाबली. लाल बटण जरा अडल्यासारखं वाटलं खरं. पण त्या क्षणी माझा श्वासही अडला होता, त्यामुळे नक्की काय अडलंय याची चौकशी मी केली नाही.

जे झालं ते असं. मी घातली ती तालमीची कॅसेट. खुंट्या मोडलेली, त्यामुळे लाल बटण दाबलंच गेलं नाही. शेजारचं तेवढं दाबलं गेलं. आणि त्या मस्कतच्या डब्यात एक खोड होती, टेप सुरू झाली की रेडिओ आपोआप बंद! म्हणजे रेडिओ गप्प झाला आणि माझी घरची तालीम वाजू लागली. "नमस्कार, श्रोतेहो!" डब्यातून माझा आवाज आला, आणि हे रेडिओवर चाललंय याबद्दल खोलीतल्या एकाच्याही मनात शंका आली नाही. माझ्याही नाही.

"आवाज किती वेगळा वाटतो नाही, भावजी!" दळवीवहिनी म्हणाल्या. "अगदी चांगला वाटतो!"

दोन मिनिटं झकास गेली. तिसऱ्या मिनिटाला कुकरची शिट्टी झाली.

"वृंदा, कुकर!" दळवीवहिनींनी आवाज दिला.

"मी कुकर लावलेलाच नाहीये!" आतून वृंदा म्हणाली. ती स्वयंपाकघरात सगळ्यांसाठी शिरा करत होती.

मी मनाची समजूत घातली की स्टुडिओच्या मागे कँटीन असेल. तेवढ्यात सायकलचा भोंपू वाजला. "आपल्या पाववाल्यासारखाच हो!" कुणीतरी कौतुकाने म्हणालं. मग आलं माझं लाडकं वाक्य. "स्वरांच्या अवकाशात... स्वरांच्या अवका... स्वरांच्या अवकाशात..." जीभ तीनदा घसरली. स्टुडिओत आपण असं केलं होतं? केलं असेल. घाबरलेल्या माणसाला काय आठवतंय!

अण्णांनी एक डोळा उघडला. "तिहाई घेतलीत की काय, जावईबापू?"

मी कसंनुसं हसलो. 'हं'ची आशा अजून सोडली नव्हती.

आणि मग रेडिओतून, म्हणजे आम्हाला रेडिओ वाटत होता त्यातून, एका बाईचा खणखणीत आवाज आला, "अहो, टँकर आला! उठा! टँकर आला!"

इथे थोडं थांबून सांगायला हवं. वसईत त्या काळात आधी बिल्डिंगी आल्या, मग माणसं आली आणि पाणी मागाहून येणार होतं. ते टँकरने यायचं, टँकरच्या मर्जीने. 'टँकर आला' ही हाक कानावर पडली की माणूस विचार करत नसे, धावत असे. एकदा आमच्याकडच्या सत्यनारायणाला भटजी अर्धा अध्याय सोडून आमचीच कळशी घेऊन खाली गेले होते. (ते पलीकडच्याच बिल्डिंगीत राहायचे. त्यांची तरी काय चूक?)

तेव्हा हॉल रिकामा व्हायला किती वेळ लागला असेल ते तुम्हीच ठरवा. दळवीवहिनी उठल्या त्या थेट घरात जाऊन दोन हंडे घेऊन जिन्यात. बाकीचे त्यांच्या मागे. मी बाल्कनीतल्या बादल्या उचलल्या आणि पळालो. ज्याचं भाषण चाललंय तो वक्तासुद्धा पळाला! इनासकाकांच्या वाडीत स्वतःची विहीर होती, तरी गर्दीच्या रेट्याने तेही खाली आले. आणि सगळ्यात कळस म्हणजे वृंदा. ती हाक तिचीच होती, तालमीच्या दिवशीची. स्वतःच्या हाकेवर शिऱ्याखालचा गॅस बंद करून ती स्वतःच कळशी घेऊन धावली!

वर राहिले फक्त अण्णा. दादरच्या माणसाला टँकरचं काय!

खाली टँकर नव्हता. रस्ता मोकळा. एक कुत्रा होता, तोही आमचा मोर्चा बघून निघून गेला.

"कोण ओरडलं?" दळवीवहिनी कडाडल्या.

"वृंदावहिनींचा आवाज होता."

"माझा? मी तर शिरा ढवळत होते! मीच आवाज ऐकून आले!"

"अहो, आवाज रेडिओतून आला," पहिल्या मजल्यावरचे एकजण म्हणाले. "मी रेडिओच्या शेजारीच बसलो होतो."

मग दळवीवहिनींचा चेहरा उजळला. "रेडिओवर सांगितलं? म्हणजे नगरपालिकेने कळवलं असणार! बघा, आधी कधी सांगत होते का? सुधारणा आहे हो!"

"सरकारच्या रेडिओवर सांगितलाय म्हंजे पानी येनारच," इनासकाकांनी निकाल दिला. "लायनीत उभे ऱ्हावा."

आणि आमची बिल्डिंग लायनीत उभी राहिली! हंड्यामागे हंडा, बादलीमागे बादली. आम्हाला बघून शेजारच्या बिल्डिंगीतले लोक उतरले. "कधी येतोय?" "रेडिओवर सांगितलंय." "असं का?" म्हणून तेही मागे उभे राहिले. लायन कोपऱ्यावरच्या वाण्यापर्यंत गेली. मी मध्यावर होतो. वृंदा माझ्यापुढे. तिच्या पाठीकडे बघताना माझ्या डोक्यात हळूहळू उजेड पडू लागला. 'अहो' म्हणून हाक मारणारी निवेदिका कुठल्या रेडिओवर असते? आणि कुकर? आणि पाववाला?

तालमीची कॅसेट!

मग मला तो तालमीचा दिवस पुरता आठवला. हाक आली तेव्हा मी टेप बंद न करताच बादल्या घेऊन पळालो होतो. पाणी भरून वर आलो होतो. वृंदाशी गप्पा मारत बसलो होतो. टेप चालूच होती! आणि गप्पांचा विषय होता... माझ्या हातातली बादली खाली पडली.

"काय झालं?" वृंदाने विचारलं.

"वर अण्णा एकटे आहेत," मी म्हणालो आणि जिन्याकडे पळालो. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नव्हती. (तिची जागा होती. बिल्डरने तिथे मीटर बसवले होते.) पहिल्या मजल्यावर पोचलो तर वरून माझाच आवाज येत होता.

"...उतरवलंय सगळं पुस्तकांतून. मला स्वतःला एक अक्षर कळत नाहीये."

"मग कशाला करताय?" टेपमधली वृंदा.

"तुझ्या अण्णांसाठी! पण त्यांना तरी कळतं का गं? डोळे मिटून मान हलवतात, लोकांना वाटतं तल्लीन झाले. गेल्या खेपेला रेकॉर्ड संपून नुसती सुई खरखरत होती, तरी मान हलतेच आहे!"

आणि टेपमधली वृंदा खो खो हसली. सख्खी मुलगी!

दुसरा मजला. "खरं सांगू?" टेपमधला मी म्हणत होतो. "मला त्या गाण्यातलं ओ की ठो कळत नाही. तू पोळ्या लाटताना काहीतरी गुणगुणतेस ना, लहानपणी त्यांनी शिकवलेलं? तेवढंच मला आवडतं. तेव्हा मी पेपर वाचायचं नाटक करतो आणि ऐकतो. पण हे त्यांना कसं सांगणार? म्हणतील, पोळ्यांचा राग कुठला!"

मी धापा टाकत दारात पोचलो. अण्णा मधल्या खुर्चीत बसले होते. डोळे मिटलेले. मान हलत होती. झोपले असतील तर वाचलो, आणि जागे असतील तर संपलो. पण ते ठरवायचं कसं? हा माणूस दोन्ही वेळा असाच दिसतो, हे तर मी आत्ताच टेपमध्ये सांगितलं होतं! मी चवड्यांवर जाऊन टेप बंद केली. टेप बंद होताच रेडिओ सुरू झाला. "...यांचं भाषण आपण आत्ता ऐकलंत," निवेदिका म्हणाली, आणि दुसऱ्याच क्षणी ऑपेऱ्यातल्या एका बाईने असा काही टिपेचा सूर लावला की खिडकीची तावदानं थरथरली.

खाली लायनीत तो आवाज पोचला. "अण्णा!" वृंदाची किंकाळी मला वर ऐकू आली. काही क्षणांत अख्खी बिल्डिंग, हंड्याबादल्यांसकट, आमच्या दारात! मी अण्णांचं काहीतरी बरंवाईट केलंय किंवा अण्णांनी माझं, असं समजून आलेले लोक बघतात तर आम्ही दोघे जिवंत, आणि रडतेय ती रेडिओतली बाई.

इनासकाकांनी हातानेच सगळ्यांना गप्प केलं. "बसा! बसा! हेच ते गाना!" लोक दमलेले होते, बसले. अण्णा डोळे उघडून, पुढे वाकून ऐकत होते.

"काय म्हणतेय हो ही?" त्यांनी इनासकाकांना विचारलं.

"भाषा नाय कळत मला. पन मरतेय ती. मरताना गातेय."

"एवढा दमसास? मरताना?" अण्णा म्हणाले. बाईने शेवटचा सूर सोडला, आणि आमच्या अण्णांनी मांडीवर थाप मारून चक्क म्हटलं, "वा!"

एवढी वर्षं मी एका 'हं'साठी झुरतोय, आणि ही कोण कुठली परदेशी बाई पहिल्या भेटीत 'वा' घेऊन गेली! मला खरंच वाईट वाटलं. लोक शिरा खाऊन पांगले. (टँकर आलाच नाही. नगरपालिकेच्या नावाने शिव्या देत गेले. मी मधे पडलो नाही.) मग अण्णा माझ्याकडे वळले. वृंदा त्यांच्या मागे उभी राहून पदराचं टोक चावत होती.

"भाषण ऐकलं तुमचं," अण्णा म्हणाले.

"कुठपर्यंत?" मी विचारलं.

"पहिला भाग भिकार होता. कुणाकुणाच्या पुस्तकातला, तेही सांगू शकेन. मग मध्ये बराच वेळ शांतता. ती चांगली होती."

"आणि नंतर?"

"नंतर तुम्ही स्वतःचं बोललात." अण्णा म्हणाले. "सुई खरखरत होती ते मला माहीत होतं. उठून बंद करायचा कंटाळा आला होता." मग वृंदाकडे वळून म्हणाले, "पोळ्या लाटताना काय गातेस गं? ती लहानपणची भूपातली चीजच ना?"

वृंदाने मान डोलावली. अण्णा म्हणाले, "हं."

तो 'हं' माझ्या वाट्याचा की तिच्या, हे मी अजून विचारलेलं नाही. निघताना त्यांनी ती कॅसेट मागून घेतली. मी देऊन टाकली. पुरावा घराबाहेर गेलेला बरा!

पण अण्णा हुशार. त्यांनी खुंट्यांच्या भोकांत कागदाचे बोळे कोंबले आणि माझं पुस्तकी भाषण पुसून त्या जागी एक ठुमरी टेप केली. टँकरच्या हाकेपासूनचं पुढचं मात्र सगळं जसंच्या तसं ठेवलं. त्यांच्याकडे कुणी पाहुणे आले की "आमच्या जावयांचं रेडिओवरचं भाषण ऐका" म्हणून ती कॅसेट लागते. मागे एकदा मीच तिथे होतो. पाहुणे गेल्यावर अण्णांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. आयुष्यात पहिल्यांदाच.

"जावईबापू," ते म्हणाले, "ठुमरीला निम्मे लोक झोपतात हो. टँकरच्या हाकेने तुम्ही सुरू झालात की मात्र सगळे खडबडून जागे होतात आणि आधी आमचा नळ बघून येतात!"